अर्जदाराशी नाते नसावे

भंडारा, २ फेब्रुवारी २०२५

ताई,

फोन न करता पत्र लिहितो आहे याचं नवल वाटेल. माझी बदली कुठे झाली हे मी फोनवर दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा भाऊजी "म्हणजे कम्प्युटर विभाग" असं म्हणाले आणि धानाच्या भावाकडे वळले. तो कम्प्युटर विभाग नाही. त्याचं नाव जिल्हा डेटा व एआय कक्ष. पूर्वी निवडणुकीच्या पेट्या ठेवायचे त्या खोलीत तीन टेबलं आहेत, मी आहे, आणि गुंजन नावाची नागपूरची इंजिनिअर मुलगी आहे. यंत्राचं सगळं काम ती करते. माझ्याकडे लिहिण्याचं आहे.

इतर खाती आमच्याकडे माहिती मागणार, आम्ही उपग्रहाची चित्रं आणि आकडे यंत्राला वाचायला देणार आणि उत्तर पाठवणार. ही सेवा कशी द्यायची त्याचा आराखडा मी लिहितो आहे. प्रकरणं चार: कोणी मागायचं, कसं मागायचं, किती दिवसांत द्यायचं, आणि चूक झाली तर काय. पहिली तीन झाली. चौथं कोरं आहे. पुण्याचे सल्लागार व्हिडिओवर म्हणाले की बाकी ठिकाणी तिथे एकच वाक्य असतं, "चुका टाळण्याचा सर्वतोपरी प्रयत्न केला जाईल." मी ते लिहिलं, आठवडाभर ठेवलं आणि खोडलं. त्यात खोटं काही नव्हतं. खरंही काही नव्हतं.

आराखडा सोबत पाठवतो आहे. तो साध्या माणसाला कळतो का, ते मला कळत नाही, कारण ऑफिसात साधं माणूस येतच नाही. तू वाच आणि जिथे अडलीस तिथे पेन्सिलीने खूण कर. पाल्हाळ असेल तर तसं लिही. वाईट वाटून घेणार नाही. वाटलं तरी कळवणार नाही.

हेमराज

----

एकोडी, ११ फेब्रुवारी

हेमराज,

तुहा आराखडा वाचला. पोस्टमन जागेश्वर म्हणे, "बाई, एवढं जाड पाकीट, आमच्या साळ्याचं लग्न ठरलं का?" तुह्या लग्नाले अठरा वर्षं झाली म्हटलं. तर म्हणे, "मंग सरकारी असंल."

पेन्सिलीनं खूण कराले गेली तर पेन्सिल संपली. "सेवाग्राही यंत्रणा" म्हणजे कोण? मी आहो का त्याच्यात? पहिल्या पानावर शोधलं, दुसऱ्या पानावर शोधलं, मंग समजलं का मी नाही. तिसऱ्या प्रकरणात "प्रतिसादकालमर्यादा" लिहिलं आहेस. तो शब्द एका श्वासात वाचणाराले तू काय देशील?

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. वरच्या पानावर तू साकोली तालुक्याचा रंगीत नकाशा छापला. निळं म्हणजे तलाव, हिरवं म्हणजे शेत, असं कोपऱ्यात लिहिलं आहे. तुह्या भाऊजीनं चष्मा लावून एकोडी शोधली. सानगडीचा रस्ता भेटला, देऊळ जिथं पाहिजे तिथं भेटलं, अन् आपला मालगुजारांच्या काळचा तलाव जिथं पाहिजे तिथं हिरवं. एक थेंब निळा नाही.

तुहे भाऊजी म्हणाले, "तुह्या भावाले विचार, आमचा तलाव कुठं नेला?"

मी म्हटलं, छापखान्याची चूक असंल. चूकच आहे ना?

तलावाच्या पाळीची तुले माहिती आहे. मागच्या पावसात तुडमाच्या बाजूनं, पाणी सोडतो तिथूनच, पाळ झिरपत होती. सगळ्या गावानं मातीचे पोते टाकून थांबवली. यंदा दुरुस्ती नाही झाली तर पाळ जाईल, अन् पाळ गेली तर खालच्या धानाच्या बांध्या जातील, आमच्या धरून. सरपंच परसराम म्हणतात का यंदा दुरुस्तीचं नक्की आहे. तू नकाशा नीट करून घे.

रीता

----

भंडारा, १७ फेब्रुवारी

ताई,

छापखान्याची चूक नाही. आमची आहे.

चित्र ऑक्टोबरातलं आहे. ऑक्टोबरात तुमच्या तलावावर शिंगाड्याचा वेल काठापासून काठापर्यंत पसरलेला असतो. वरून पाहणाऱ्याला पाणी दिसत नाही, पानं दिसतात. यंत्राला आम्ही शिकवलं होतं की सपाट, ओलं आणि हिरवं असेल ते धान. त्याने शिकवल्याप्रमाणे सांगितलं. गुंजनला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "सर, मी शिंगाडा फक्त उपवासाच्या पिठात पाहिला आहे."

आता पुढचं, जे सांगायला मला आवडत नाही. दुरुस्तीचं खातं यंदा आमच्या नकाशावर निळे असलेले तलावच घेणार आहे. त्यांचे प्रस्ताव एप्रिलअखेर वर जातात. मी त्यांच्या साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, नकाशात काही शंका आहे का? ते म्हणाले, "छे, फार छान नकाशा. यंदा तलाव कमी निघाले." शंका नसलेला माणूस नकाशाची दुरुस्ती मागत नाही, आणि कोणी मागितल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही. प्रकरण पहिलं, मीच लिहिलेलं.

तू म्हणशील, मग तूच कर. ते मला करता येत नाही. प्रकरण दुसरं, कलम सात: "अर्जदाराशी कक्षातील कर्मचाऱ्याचे नाते नसावे." हेही माझंच. डिसेंबरात लिहिलं तेव्हा मी त्यावर खूश होतो. वशिल्याने एकाचा तलाव निळा आणि दुसऱ्याचा हिरवा होऊ नये, एवढंच मनात होतं. आता विचार करतो आहे, हा तलाव तुझा नसता तर मला ही चूक कळली असती का? बहुधा नाही. मग ज्या गावातली कोणी बहीण या ऑफिसात पत्र लिहीत नाही तिथल्या तलावांचं काय?

एक केलं. आमच्या साहेबांकडून तात्पुरती सोय मंजूर करून घेतली. खात्याबरोबर ग्रामपंचायतही मागणी करू शकेल. कलम सात मात्र लागू आहे. सरपंचांना ठराव पाठवायला सांग. त्यात माझं नाव येऊ देऊ नकोस.

भाऊजींना सांग, तलाव आहे तिथेच आहे.

हेमराज

----

एकोडी, ४ मार्च

हेमराज,

ग्रामसभा झाली. कोरम पहिल्याच दिवशी भरला, हे परसरामच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. नकाशा भिंतीवर लावला. लोक एकेक करून गेले अन् आपापल्या बांधीवर बोट ठेवून आले.

कुंताबाई तलावात शिंगाडे लावते ना, ती उभी राहिली. म्हणे, "मंग माह्या शिंगाड्यानं तलाव खाल्ला म्हणता का?" कोणी म्हणालं, यंदा शिंगाडा लावू नये, वरून पाणी दिसंल. कुंताबाई म्हणे, "वरतून कोण पाहून राहिलं त्याच्यासाठी मी उपाशी राहू? त्याले म्हणा, खाली येऊन पाय." टाळ्या पडल्या.

मंग ठराव. तू सांगितलं तसं मी म्हटलं का हेमराजचं नाव घालू नका. परसराम म्हणाले, "वहिनी, आपलाच माणूस तिथं बसून आहे अन् आपण त्याचं नावच घ्यायचं नाही? अपमान वाटंल त्याले." तुहे भाऊजीही त्याइच्याच बाजूनं. मी एकटी पडली. ठराव सोबत आहे. सगळ्यायच्या सह्या आहेत, ज्याले येत नाही त्याचे अंगठे. पहिली ओळ परसरामनं स्वतः रचली:

"या गावचे सन्माननीय साळे श्री. हेमराज गहाणे यांच्या कक्षास सर्व ग्रामस्थ विनंती करतात की…"

मी म्हटलं, अहो, तो माहा भाऊ आहे, गावाचा साळा कसा? तर अख्खी सभा हसली. "आमच्या वहिनीचा भाऊ आमचा साळा नाही तर कोण?"

आता तूच पाय.

रीता

----

भंडारा, ११ मार्च

ताई,

ठराव मिळाला. अक्षर सुरेख आहे.

तो मला दाखल करता येत नाही. पहिल्याच ओळीत गावाने माझ्याशी नातं सांगितलं आहे आणि खाली सगळ्या गावाने त्यावर सही केली आहे. कलम सातप्रमाणे एकोडीतले सर्व प्रौढ नागरिक अपात्र ठरतात. गुंजन म्हणाली, "सर, गावाचं नातं खरं धरायचं नसतं." मी तिला विचारलं, "तुला कोण म्हणालं?" तुमच्या घरी आलो की चार घरी चहा होतो, सगळे पुरुष माझी थट्टा करतात आणि मला ती आवडते. ते नातं नसेल तर काय आहे, हे मला लिहिता येत नाही.

मी कागद साहेबांकडे नेला असता तर ते हसले असते आणि सही करून मोकळे झाले असते. मी नेला नाही. हा प्रामाणिकपणा की भित्रेपणा, हे रोजनिशीत दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा वाक्य तेच झालं, फक्त शेवटचा शब्द बदलला.

गावात कोणीतरी एक जण असेल ज्याचं माझ्याशी नातं नाही. त्याने पंचायतीतर्फे तसं लिहून द्यावं. मजकूर असा: "माझे कक्षातील कर्मचारी श्री. हेमराज गहाणे यांच्याशी कोणतेही नाते नाही." एवढं एक वाक्य आणि खाली तलावाचं. वेळ फार नाही.

हेमराज

----

एकोडी, २४ मार्च

प्रति,
डेटा व एआय कक्ष, भंडारा

विषय: तलाव नकाशात हिरवा दाखवल्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज करते की मौजा एकोडी येथील तलाव हा तलाव असून शेत नाही. त्याची पाळ तुडमाजवळ झिरपत आहे.

आपल्या सूचनेप्रमाणे आपणाशी नाते नसलेली व्यक्ती गावात शोधली. मिळाली नाही. सौ. कुंताबाई यांनी "तसं लिहून दिलं तर तो घरी आल्यावर पाणी कोणत्या तोंडानं देऊ" असे सांगून नकार दिला. सरपंच श्री. परसराम यांनी हसण्यावारी नेले. माझ्या यजमानांनी कागद परत केला व ते जेवले नाहीत.

सबब मी स्वतः लिहून देते की माझे कक्षातील कर्मचारी श्री. हेमराज गहाणे यांच्याशी कोणतेही नाते नाही.

तरी तलाव निळा करावा.

आपली विश्वासू,
सौ. रीता टिकाराम कापगते

----

भंडारा, १ एप्रिल

ताई,

अर्ज मिळाला. आवक शिक्का मारायला हातात घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. गुंजनने विचारलं, "सर, अर्जदार कोण आहेत?"

मी म्हणालो, "कोणी नाही, असं लिहिलं आहे."

तिने अर्ज ओढून खालचं नाव वाचलं, म्हणून मग सांगितलं.

गुंजन तरुण आहे आणि पटकन बोलते. म्हणाली, "म्हणजे सर, तुम्हाला स्वच्छ राहायचं होतं, म्हणून त्यांना खोटं लिहावं लागलं." मी तिला म्हणालो की हे वाक्य थोडं कठोर आहे. ती म्हणाली, "कुठला शब्द काढू?" काढण्यासारखा सापडला नाही.

कलम मी उलटं लिहिलं होतं. नातं माझं आहे, तर अडचणही माझी असायला हवी. तलावाने, बहिणीने किंवा कुंताबाईने ती का सोसावी? माझ्या हातून कोणाचं भलं झालं असं कोणी म्हणू नये म्हणून मी सगळ्या गावाला दाराबाहेर उभं केलं आणि त्याला नियम म्हटलं. चौथं प्रकरण त्याच दिवशी लिहिलं. एवढंच आहे:

"चूक झाली आहे असे ज्यास वाटेल अशा कोणत्याही व्यक्तीने पुराव्यासह कळवावे. कर्मचाऱ्याचे अर्जदाराशी नाते असल्यास कर्मचाऱ्याने बाजूला व्हावे. अर्जदाराने समाधान कळवल्याशिवाय प्रकरण बंद करू नये."

सल्लागार म्हणाले, "कोणतीही व्यक्ती" फार मोठं होतं. मी म्हणालो, हो. साहेबांनी मंजूर केलं. कलम सात रद्द झालं.

मी तुमच्या तलावापासून बाजूला झालो आहे. गुंजन येऊन पाहील. मी तिला गावाबद्दल काहीही सांगितलेलं नाही, रस्तासुद्धा नाही.

तुझ्या अर्जातलं ते वाक्य मात्र दाखल झालं आहे. अर्ज आवक झाला की त्यात आम्ही खाडाखोड करत नाही.

भाऊजी जेवतात का?

हेमराज

----

एकोडी, १८ एप्रिल

महोदय,

जेवतात. पण तुमचं नाव काढत नाहीत. नातं नाही म्हणून मीही काढत नाही. गुंजनचं मात्र सांगते.

रस्ता न सांगितल्यानं ती पोरगी आधी पार दुसऱ्या तालुक्यात, सिहोऱ्याले जाऊन आली. तिथं तिच्याच ओळखीचं कोणी निघालं, त्यानं एकोडीची वाट सांगितली. उन्हानं लाल झाली होती. आल्या आल्या म्हणे, "मी कोणाकडे काही घेणार नाही, मला फक्त तलाव दाखवा." दाखवला. पाणी उतरलं आहे, पण आहे. बुडाशी शिंगाड्याचे सुकलेले वेल. ती पाळीवर चालत गेली, तुडमापाशी वाकून पाह्यलं, माती हातात घेतली, फोटो काढले. कुंताबाईनं वाळवलेले शिंगाडे ओंजळभर आणून दिले. म्हणे, "घे, हाच तो. यानंच तलाव लपवला." तर पोरगी म्हणे, "मावशी, पुरावा म्हणून घेते."

मंग निघाली. पोरगी पहिल्यांदा गावात आली, अन् तशीच जाऊ द्यायची? कुंताबाईनं पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळ अन् तांदळानं ओटी भरली. ती नको नको म्हणत होती. कुंताबाई म्हणे, "ओटीले नाही म्हणत नसतात." परसराम म्हणाले, "आता तू गावची लेक. दिवाळीले ये."

ती रडल्यासारखी झाली. आम्हाले वाटलं, आनंदानं.

अर्जदार

----

भंडारा, २ मे

ताई,

आनंदाने नव्हे. गुंजनने अहवालाच्या शेवटी जे लिहिलं ते शब्दशः देतो:

"स्थळपाहणीअंती माझी ओटी भरण्यात आली व मला गावची लेक संबोधण्यात आले. त्यामुळे माझे अर्जदाराशी नाते निर्माण झाले किंवा कसे, आणि झाले असल्यास मी बाजूला व्हावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. शिंगाडे सोबत जोडले आहेत. नारळ जोडला नाही, तो घरी फुटला."

मी सहीसाठी नेलं, कारण आता खोलीत एकोडीचा नातेवाईक नसलेलं कोणी उरलं नव्हतं. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. विचारलं, "गहाणे, ही पद्धत तुम्ही बनवली?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मी एकोडीला कधी जाणार नाही, एवढं लिहून घ्या," आणि सही केली. मी ते लिहून घेतलं आहे.

गुंजनने नंतर शिंगाड्याच्या दिवसांतली चित्रं बाजूला ठेवून फेब्रुवारीची चित्रं यंत्राला दिली. हिरव्यात हरवलेला तुमचा एकटाच नव्हता. जिथे जिथे शिंगाडा लावतात तिथले तलाव परत आले. तिथल्या बहिणींनी पत्रं लिहिली नव्हती. नवा नकाशा प्रस्ताव जायच्या आदल्या दिवशी खात्याला पोचला. त्यांचे साहेब म्हणाले, "पहिला नकाशा जास्त छान होता." पण तलाव घेतले. तुमच्या पाळीचं काम याच महिन्यात सुरू होईल. मी अजून बाजूलाच आहे, त्यामुळे हे तुला कक्षातर्फे कळवतो.

चौथ्या प्रकरणाप्रमाणे तू समाधान कळवलंस की प्रकरण बंद होईल.

हेमराज

----

एकोडी, ३० मे

महोदय,

काम चालू आहे. समाधान आत्ताच कळवणार नाही. पाळ पावसात टिकते का ते पाहू द्या.

अर्जदार

----

भंडारा, १४ जुलै

ताई,

प्रकरण अजून उघडं दिसतं. घाई नाही. कक्षाच्या मासिक बैठकीत एकच उघडं प्रकरण म्हणून दर महिन्याला वाचलं जातं: "अर्जदार, एकोडी. नाते नाही." वाचतो मीच. माझ्याच कामात ते येतं.

साकोलीकडे पाऊस बराच आहे असं ऐकतो. भाऊजींना फोन केला होता. त्यांनी उचलला आणि "विभागातून बोलता का?" असं विचारून ठेवला.

हेमराज

----

एकोडी, ३ ऑगस्ट

प्रति,
डेटा व एआय कक्ष, भंडारा

विषय: प्रकरण बंद करणे व नोंद दुरुस्त करणेबाबत

महोदय,

तलाव काठोकाठ आहे. पाळ कोरडी आहे. तुहे भाऊजी तीन रात्री पाळीवर झोपून आले अन् मंगच मले लिहायची परवानगी दिली. खालच्या बांध्यायमध्ये धानाचा रोवणा झाला. कुंताबाईचा शिंगाडा पसरून राहिला, म्हणजे तुहा तलाव पुन्हा हिरवा होईल, तेव्हा सांभाळ.

अर्जदार समाधानी आहे. प्रकरण बंद करावे.

दुसरे असे की, माझ्या २४ मार्चच्या अर्जात एक चूक आहे. ती अर्जदाराची आहे, यंत्राची नाही. तुमच्या चौथ्या प्रकरणाप्रमाणे कोणत्याही व्यक्तीने पुराव्यासह कळवायचे असते, म्हणून कळवते: श्री. हेमराज गहाणे हा माझा भाऊ आहे, मधल्या चार महिन्यांतही होता. तशी नोंद करून घ्यावी.

पुरावा म्हणून राखी सोबत जोडली आहे. ती पौर्णिमेला बांधावी. पुरावा परत पाठवू नये.

रीताताई